घरगुती चुंबकीय जनित्र : तबकडीचा आकार आणि फेऱ्यांची गती

गावोगावी विजेच्या तारा पोचल्या असल्या, तरी शिवारातील प्रत्येक वस्तीवर, पठारावरील प्रत्येक गोठ्यावर किंवा डोंगरकपारीतील राखणदाराच्या प्रत्येक खोपीवर त्या पोचतातच असे नाही. अशा ठिकाणी वाऱ्यावर किंवा ओढ्याच्या पाण्यावर चालणारे लहानसे जनित्र घरच्या घरी तयार करण्याचा प्रयत्न अनेक उत्साही शेतकरी करीत असतात. चुंबके आणि वाइंडिंगची तांब्याची तार बाजारात मिळते. पोलादी तबकडी गावातील लोहार किंवा वेल्डिंगवाला कापून देतो. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्यात एक चूक पुनःपुन्हा होताना दिसते आणि तिच्यापायी श्रम व पैसा दोन्ही वाया जातात. ती चूक म्हणजे, जनित्राची तबकडी केवढी असावी आणि ती मिनिटाला किती फेरे घेणार, या दोन गोष्टींचा एकत्र विचार न करणे. प्रस्तुत लेखात त्याच विषयाची माहिती, शक्य तितक्या सोप्या हिशेबासह, दिली आहे.

एक अनुभव

घाटमाथ्यावरील एका वस्तीवर प्रस्तुत लेखकास एक पवनचक्की पाहावयास मिळाली. तेथील वयोवृद्ध शेतकऱ्याने व त्यांच्या मुलाने प्रथम १.२ मीटर व्यासाची तीन लाकडी पाती व त्यास साजेसे लहान जनित्र तयार केले होते. त्याच्या तबकडीवर चुंबकांचे जे वर्तुळ होते त्याचा व्यास १२.५ सेंटिमीटर होता. या यंत्रावर १२ व्होल्टची बॅटरी भरत असे व गोठ्यात एक दिवा लागत असे. अधिक उजेड मिळावा म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी पाती दुप्पट, म्हणजे २.४ मीटर व्यासाची केली. जनित्र मात्र तेच ठेवले.

“साहेब, पाती दुप्पट केली आन् उजेड निम्म्यावर आला. ह्ये गणित काय उमगंना बघा,” असे ते म्हणाले.

“काका, गणित बरोबरच आहे. पाती वाढली, पण जनित्र होते तेवढेच राहिले,” असे उत्तर मी दिले. तेवढ्याने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते व ते झालेही नाही. कारण मधल्या काळात मुलाने जुनी वेटोळी काढून, बारीक तारेचे दुप्पट वेढे घालून नवी वेटोळी बसविली होती. मीटरवर आता व्होल्ट पुरेसे दिसत. तरी बॅटरी भरत नव्हती. पुढे जूनमधील पहिल्याच जोराच्या वाऱ्यात वेटोळ्यांवरील मुलामा जळून तार काळी पडली. सारा खर्च फुकट गेला. असे का घडले हे समजले, म्हणजे या विषयाचे मर्म समजले असे म्हणावयास हरकत नाही.

वीज कशी निर्माण होते

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यासमोरून चुंबक सरकले की तारेत विद्युत्दाब निर्माण होतो, हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लावला. घरगुती जनित्रात यापेक्षा निराळे काही नसते. पोलादी तबकडीवर चुंबके गोलाकार बसवितात. त्यांपैकी एकाचे उत्तर टोक वर आले तर शेजारच्याचे दक्षिण टोक वर येते. समोर तारेची वेटोळी स्थिर बसवितात. तबकडी फिरली की चुंबके वेटोळ्यांवरून सरकत जातात.

वेटोळ्यातील तारेच्या प्रत्येक वेढ्यात किती विद्युत्दाब निर्माण होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : चुंबक किती जोराचे आहे, चुंबकाखाली येणाऱ्या तारेची लांबी किती आहे, आणि चुंबक किती वेगाने सरकते. यातील तिसरी गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वेटोळ्यास तबकडीचे फेरे कळत नाहीत. आपल्यावरून चुंबक दर सेकंदाला किती मीटर सरकले, एवढेच त्याला कळते. या वेगास आपण ‘कडेचा वेग’ म्हणू.

कडेच्या वेगाचा हिशेब

कडेचा वेग काढण्याची रीत सोपी आहे. चुंबकांच्या वर्तुळाचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्यास ३.१४ ने गुणावे, म्हणजे परीघ मिळतो. परिघास मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ६० ने भागावे. येणारा आकडा हा दर सेकंदास मीटर या मापातील कडेचा वेग होय.

समजा, वर्तुळाचा व्यास २५ सेंटिमीटर आहे व तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते. परीघ ०.७८५ मीटर, सेकंदाला ५ फेरे, म्हणून कडेचा वेग सेकंदाला ३.९ मीटर झाला. आता व्यास निम्मा, म्हणजे १२.५ सेंटिमीटर केला, तर तोच वेग मिळण्यास मिनिटाला ६०० फेरे लागतील. व्यास निम्मा तर फेरे दुप्पट, व्यास दुप्पट तर फेरे निम्मे. दर वेढ्यामागे मिळणारा विद्युत्दाब तेवढाच राहतो.

याचे उत्तम उदाहरण सायकलीच्या डायनामोत आढळते. टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनामो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची चकती जेमतेम २ सेंटिमीटर व्यासाची असते. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली असता ही चकती मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेते. दुसऱ्या प्रकारचा डायनामो पुढील चाकाच्या तुंब्यातच बसविलेला असतो व चाकाबरोबर मिनिटाला फक्त सुमारे १२० फेरे घेतो. दोन्हींपासून सामान्यतः ६ व्होल्ट व ३ वॉट वीज मिळते. मात्र पहिला मुठीत मावतो, तर दुसरा आकाराने मोठा असतो व त्यात चुंबकांचे ध्रुव पुष्कळ अधिक असतात. लहान जनित्र भराभर फिरले पाहिजे, मंद फिरणारे जनित्र मोठे असले पाहिजे, हा धडा यातून मिळतो.

तबकडी मोठी केल्याने आणखी काय साधते

तबकडी मोठी करण्याचा फायदा केवळ वेगापुरता नाही. परीघ दुप्पट झाला की त्यावर त्याच मापाची चुंबके दुप्पट बसतात व समोर वेटोळीही दुप्पट मावतात. म्हणजे फेरे तेवढेच राहिले, तरी दर वेढ्याचा विद्युत्दाब दुप्पट होतो आणि वेटोळी दुप्पट झाल्याने एकूण विद्युत्दाब चौपट होतो.

हाच हिशेब उलट बाजूने करून पाहू. मोठ्या तबकडीच्या जागी निम्म्या व्यासाची तबकडी तेवढ्याच फेऱ्यांवर चालवून तेवढेच व्होल्ट हवे असतील, तर प्रत्येक वेटोळ्यात चौपट वेढे घालावे लागतील. परंतु वेटोळ्याची जागा वाढत नाही. म्हणून तार निम्म्या जाडीची, म्हणजे एक चतुर्थांश छेदाची, घ्यावी लागेल. तारेची लांबी चौपट व छेद पाव, यामुळे प्रत्येक वेटोळ्याचा अवरोध सोळापट होतो. वेटोळी निम्मी असल्याने एकूण अवरोध आठपट भरतो. व्होल्ट तेवढेच, अवरोध मात्र आठपट. म्हणजे त्या जनित्रातून घेता येणारी वीज एक अष्टमांशच राहिली.

वेढे वाढवून काम भागेल काय

आता वस्तीवरील यंत्राचे कोडे सुटते. पाती दुप्पट केल्यावर त्यांचे फेरे निम्मे झाले. (यामागील कारण पुढे दिले आहे.) तबकडी तीच असल्यामुळे कडेचा वेगही निम्मा झाला, आणि जे जनित्र मंद वाऱ्यात बॅटरी भरू लागत असे, त्याला आता दुप्पट जोराच्या वाऱ्याची वाट पाहावी लागली. तसा वारा क्वचित येतो; म्हणून उजेड कमी झाला.

मुलाने बारीक तारेचे दुप्पट वेढे घातले. त्यामुळे विद्युत्दाब पूर्ववत झाला खरा. परंतु तारेची लांबी दुप्पट व छेद निम्मा झाल्याने वेटोळ्यांचा अवरोध चौपट झाला. मीटर लावला असता त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. म्हणून अवरोधाचा परिणाम मीटरला दिसत नाही व तो पूर्ण व्होल्ट दाखवितो. बॅटरी जोडताच प्रवाह वाहू लागतो व निर्माण झालेल्या विद्युत्दाबाचा मोठा भाग वेटोळ्यांतच खर्ची पडतो.

येथे खर्ची पडणारी वीज नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात ती वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. २.४ मीटर व्यासाच्या पात्यांवरून सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा वाहतो, तेव्हा त्या वाऱ्यात सुमारे २,७०० वॉट शक्ती असते. त्यातील तीस टक्के जरी पात्यांनी घेतली, तरी ८०० वॉट शक्ती जनित्रावर येऊन आदळते. १.२ मीटरच्या पात्यांपासून त्याच वाऱ्यात याच्या पाव हिश्शाएवढी, सुमारे २०० वॉट, शक्ती मिळत असे आणि जनित्र तेवढ्यासाठीच बनविलेले होते. बारीक तारेने हा भार सोसला नाही, यात नवल नाही.

यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वेढे वाढवून मीटरवरील व्होल्ट वाढविता येतात, वीज वाढविता येत नाही. वीज वाढवावयाची तर कडेचा वेग वाढला पाहिजे, किंवा चुंबके व तांबे वाढले पाहिजे; आणि मंद फिरणाऱ्या यंत्रात या दोन्ही गोष्टी तबकडी मोठी करण्यानेच साधतात.

पाती मोठी झाली की फेरे का घटतात

पवनचक्कीच्या पात्याचे टोक वाऱ्याच्या वेगाच्या ठराविक पटीने धावते. तीन बारीक पात्यांच्या चक्कीत ही पट सहा ते सातच्या आसपास असते. पाणी उपसणाऱ्या, पुष्कळ पत्र्याची पाती असलेल्या जुन्या चक्क्यांत ती एक ते दीडच्या आसपास असते. वारा सेकंदाला ३ मीटर असेल व पट सात असेल, तर पाती लहान असोत वा मोठी, त्यांचे टोक सेकंदाला २१ मीटर धावेल. मोठ्या पात्याच्या टोकाला मोठे वर्तुळ पुरे करावयाचे असते. म्हणून त्याचे फेरे कमी पडतात. वरील वाऱ्यात मिनिटातील फेरे सुमारे असे येतात :

पात्यांचा व्यास १.२ मीटर : ३३५ फेरे
पात्यांचा व्यास १.८ मीटर : २२५ फेरे
पात्यांचा व्यास २.४ मीटर : १६५ फेरे
पात्यांचा व्यास ३.० मीटर : १३५ फेरे
पात्यांचा व्यास ४.२ मीटर : ९५ फेरे

यावरून तबकडीच्या मापाचा एक प्राथमिक अंदाज बांधता येतो. चुंबकांच्या वर्तुळाचा व्यास पात्यांच्या व्यासाच्या एक दशांश ठेवला, तर चुंबकांचा वेग पात्यांच्या टोकाच्या वेगाच्या एक दशांश होतो; म्हणजे वरील वाऱ्यात सेकंदाला सुमारे २.१ मीटर. मग १.२ मीटरच्या पात्यांना १२ सेंटिमीटर, २.४ मीटरच्या पात्यांना २४ ते २५ सेंटिमीटर व ३ मीटरच्या पात्यांना ३० सेंटिमीटर असे माप येते. हा काटेकोर नियम नव्हे. केवळ सुरुवातीचा अंदाज आहे. शिवाय पात्यांचा व्यास दुप्पट झाला की वाऱ्यापासून मिळणारी शक्ती चौपट होते; म्हणून मोठ्या चक्कीस तबकडीबरोबर चुंबकेही अधिक लांबरुंद व जाड घ्यावी लागतात.

चुंबकांच्या जातीचाही यात विचार करावा. काळे फेराइट चुंबक स्वस्त असते, पण त्याचा जोर नियोडिमियम चुंबकाच्या साधारण एक तृतीयांश असतो. फेराइट वापरावयाचे असल्यास चुंबके अधिक जाड घ्यावीत व तबकडी याहून मोठी करावी.

मंद पात्यांना मोठे जनित्र थेट जोडण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत मार्सेलस जॅकब्स यांनी १९२० च्या दशकात मोंटाना राज्यातील कुरणांवर प्रयोग करून पुढे ज्या पवनचक्क्या विकल्या, त्यांत सुमारे १४ फूट व्यासाच्या तीन पात्यांना दंतचक्रांवाचून थेट जोडलेले वजनदार, मंदगती जनित्र असे. ते टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध होते. अलीकडे, विजेच्या तारा न पोचलेल्या स्कोरेग या स्कॉटलंडमधील द्वीपकल्पावर राहणारे ह्यू पिगॉट यांनी घरी करता येण्याजोग्या चक्क्यांची रीत पुस्तकांद्वारे जगभर पोचविली. या रीतीत चुंबकांच्या दोन तबकड्या समोरासमोर फिरतात व त्यांच्या मधोमध, रेझिनमध्ये ओतलेली, लोखंडाचा गाभा नसलेली वेटोळी स्थिर असतात. लोखंडी गाभा नसल्याने चुंबके अडखळत नाहीत व मंद वाऱ्यातही चक्की सहज सुरू होते.

पट्टा लावून फेरे वाढविले तर

लहान जनित्रास पट्टा व पुल्या लावून तिप्पट-चौपट फेरे द्यावेत, ही कल्पना पुष्कळांस सुचते. वाऱ्याच्या यंत्रात ती सहसा फायद्याची ठरत नाही. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात २.४ मीटरच्या पात्यांवर एकंदर ७० वॉटच्या आसपास शक्ती येते. त्यातील पाती सुमारे २५ वॉट घेतात. पट्ट्याचे घर्षण व जादा बेअरिंगे यांत या तुटपुंज्या शक्तीचा मोठा हिस्सा जातो. जोराच्या वाऱ्यात हा तोटा जाणवत नाही. परंतु असा वारा वर्षातील थोडेच दिवस असतो. मोटारीचे जुने आल्टरनेटर थेट पात्यांना जोडण्यातही हीच अडचण आहे. त्यास बॅटरी भरण्यासाठी मिनिटाला हजाराहून अधिक फेरे लागतात व आपल्या क्षेत्र-वेटोळ्यासाठी ते उलट बॅटरीतूनच वीज घेते.

ओढ्याच्या पाण्यावर मात्र लहान तबकडी

वर सांगितलेल्या गोष्टींवरून मोठी तबकडी सर्वत्र चांगली, असा समज करून घेऊ नये. जेथे चालक यंत्र मुळातच जलद फिरते, तेथे लहान तबकडी पुरते. सह्याद्रीच्या उतारावरील ओढ्याचे पाणी नळाने २० मीटर खाली आणून वाट्यांच्या चक्रावर सोडले, तर त्याची धार सेकंदाला जवळजवळ २० मीटर वेगाने बाहेर पडते. वाट्यांनी धारेच्या निम्म्याहून किंचित कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ९ मीटर, फिरावे हे उत्तम. चक्राचा व्यास १२ सेंटिमीटर असेल तर मिनिटाला १,४५० च्या आसपास फेरे पडतात. त्याच दांड्यावर १२ सेंटिमीटर वर्तुळाची तबकडी बसविली, तरी चुंबकांना सेकंदाला ९ मीटर वेग मिळतो. पवनचक्कीवरील मोठ्या तबकडीस मंद वाऱ्यात मिळणाऱ्या वेगाच्या तो चौपट आहे. सेकंदाला २ लिटर पाणी असेल, तर नळातील व यंत्रातील तूट निम्मी धरूनही १९० वॉटच्या आसपास वीज मिळू शकते, आणि तीही रात्रंदिवस. अर्थात ओढा वाहतो तेवढेच महिने.

याउलट मोठ्या लाकडी पाणचाकाचे फेरे मिनिटाला दहा-पंधराच असतात. तेथे थेट जोडणी अशक्यच असते व पट्ट्यावाचून गत्यंतर नसते. मात्र पाण्याची शक्ती सतत एकसारखी असल्याने पट्ट्याचा तोटा तेथे सोसवतो.

तबकडी प्रमाणाबाहेर मोठी झाली तर

लहान पात्यांना फार मोठे जनित्र जोडणे हीदेखील चूकच होय. १.२ मीटरच्या पात्यांना २.४ मीटरच्या चक्कीचे जनित्र जोडले, तर ते सेकंदाला दीड मीटर वाऱ्यातच बॅटरी भरू पाहील. त्या वाऱ्यात पात्यांवर सारी मिळून दोन-अडीच वॉट शक्ती असते. जनित्राचा भार पडताच पाती रखडतात, आणि वारा वाढला तरी त्यांना गती घेता येत नाही. असे आढळल्यास वेढे कमी करून जाड तार वापरावी, किंवा चुंबके व वेटोळी यांमधील फट थोडी वाढवावी. पाती व जनित्र यांची जोडी बैलजोडीसारखी असावी. एकाने ओढावे व दुसऱ्याने मागे राहावे, असे नसावे.

वेढे ठरविण्याची प्रत्यक्ष रीत

१. प्रथम पात्यांचे फेरे मोजावेत. एका पात्यावर रंगाचा पट्टा ओढून मोबाइलवर मंदगती चित्रफीत घ्यावी व एका मिनिटातील फेऱ्यांचा हिशेब करावा. पाती अद्याप तयार नसतील, तर वर दिलेल्या आकड्यांवरून अंदाज करावा.

२. सर्व वेटोळी एकदम गुंडाळू नयेत. २० वेढ्यांचे एकच नमुन्याचे वेटोळे तयार करावे व ते तबकड्यांच्या मधील फटीत, पुढे जेथे बसवावयाचे आहे तेथेच, घट्ट बसवावे. तबकडी ३०० फेऱ्यांच्या गतीने फिरवून त्याचा प्रत्यावर्ती विद्युत्दाब मोजावा. फार मंद फिरविल्यास साधा मीटर बरोबर दाखवीत नाही.

३. समजा, २५ सेंटिमीटर वर्तुळावर १२-१२ चुंबकांच्या दोन तबकड्या आहेत व मीटरने २.५ व्होल्ट दाखविले. म्हणजे एका वेढ्यामागे ०.१२५ व्होल्ट. हे ३०० फेऱ्यांना झाले. १६५ फेऱ्यांना त्याच प्रमाणात ०.०६९ व्होल्ट येतील.

४. १२ व्होल्टची बॅटरी भरू लागण्यास, रेक्टिफायरमधील तूट धरून, सुमारे १४ व्होल्ट एकदिश दाब लागतो. नऊ वेटोळी तीन-तीनच्या तीन ओळींत जोडून त्या ओळींची तारा-जोडणी केली, तर एका ओळीच्या दाबाच्या सुमारे २.४५ पट एकदिश दाब मिळतो. म्हणून प्रत्येक ओळीस ५.७ व्होल्ट व प्रत्येक वेटोळ्यास १.९ व्होल्ट हवेत. १.९ ला ०.०६९ ने भागले असता २७ ते २८ वेढे येतात. २४ व्होल्टच्या बॅटरीस वेढे दुप्पट घ्यावेत.

५. वेढ्यांची संख्या ठरल्यावर, वेटोळ्याच्या जागेत मावेल तेवढी जाड तार निवडावी. जाड तार वळविण्यास कठीण वाटल्यास दोन बारीक तारा एकत्र धरून गुंडाळाव्यात. तांब्यात केलेली काटकसर पुढे महाग पडते.

६. तबकडीचे पोलाद ८ ते १० मिलिमीटर जाड असावे. पातळ पत्र्यातून चुंबकांचा जोर बाहेर निसटतो व जोरदार चुंबकांच्या आकर्षणाने पत्रा वाकतो.

दक्षता

नियोडिमियम चुंबके हाताळताना बोटे चिरडण्याचा धोका असतो. दोन चुंबके एकावेळी हातात घेऊ नयेत व तबकड्या बोल्टांच्या साहाय्यानेच सावकाश जवळ आणाव्यात. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीस या कामापासून दूर ठेवावे.

फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चुंबक बाहेर फेकणारा जोर वाढतो. ४६ मिलिमीटर लांब, ३० रुंद व १० जाड चुंबकाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. २५ सेंटिमीटर वर्तुळावर ४८० फेऱ्यांना त्याच्यावर सुमारे सव्वातीन किलो वजनाएवढा ताण येतो. १,५०० फेऱ्यांना तोच ३२ किलोंच्या वर जातो. म्हणून चुंबके केवळ चिकटवून न ठेवता रेझिनमध्ये ओतावीत व कडेने पोलादी पट्टी बांधावी. चाचणी घेताना फिरत्या तबकडीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

चालू पवनचक्कीची बॅटरी कधीही सोडवू नये. भार सुटताच पाती सुसाट फिरू लागतात व विद्युत्दाब धोक्याच्या मर्यादेबाहेर चढतो. बॅटरी भरल्यावर जादा वीज तापणाऱ्या तारेत वळविण्याची सोय करावी. जोराच्या वाऱ्यात शेपटी वळून पाती आपोआप बाजूला होतील अशी योजना प्रत्येक चक्कीत असलीच पाहिजे. बॅटरीची जागा हवेशीर असावी व तेथे विडी-काडी ओढू नये.

किती वीज अपेक्षावी

अपेक्षा माफक ठेवाव्यात. २.४ मीटरच्या चक्कीवर सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे ३४० वॉट शक्ती येते व त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे ८५ वॉटच्या आसपास, बॅटरीपर्यंत पोचला तरी काम उत्तम झाले असे समजावे. यावर दिवे, मोबाइल व लहान पंखा चालेल. विहिरीवरील मोटार चालणार नाही. ज्या गावात वारा पडलेला असतो, तेथे सौर पॅनेल घेणेच शहाणपणाचे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे यांसारख्या घाटमाथ्यावरील पठारांवर जून ते ऑगस्टमध्ये वारा जोराचा असतो आणि नेमका त्याच दिवसांत ढगांमुळे सौर पॅनेलचे उत्पन्न घटते. अशा ठिकाणी दोन्ही साधने एकाच बॅटरीस जोडल्यास ती एकमेकांस पूरक ठरतात.

उपसंहार

वस्तीवरील त्या पिता-पुत्रांनी पुढील हंगामात चुंबकांचे वर्तुळ २५ सेंटिमीटरचे केले, प्रत्येक तबकडीवर १२ चुंबके बसविली व जाड तारेची नऊ वेटोळी गुंडाळली. वेढे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागले, हे पाहून मुलास आश्चर्य वाटले. पाती मात्र तीच ठेवली. आज त्यांच्या गोठ्यात व वस्तीत मिळून चार दिवे लागतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. असे जनित्र बनविणारा शेतकरी भेटल्यास मीटरवर किती व्होल्ट दिसतात हे प्रथम विचारू नये. पात्यांचा व्यास किती, चुंबकांच्या वर्तुळाचा व्यास किती व मिनिटाला फेरे किती, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि कडेचा वेग त्याच्यासमोरच कागदावर काढून दाखवावा. हा पाच मिनिटांचा हिशेब तार विकत घेण्यापूर्वी झाला, तर एका कुटुंबाची वर्षभराची मेहनत वाचेल.